पकडीचे प्रश्न

मागच्या अंकात करवतीच्या दातांबद्दल लिहिलं आणि त्यावर भरपूर पत्रं आली. वाचता वाचता लक्षात आलं, की बऱ्याच जणांची करवत ठीक आहे. हलतो आहे तो जॉब, म्हणजे ज्यावर काम चाललं आहे ती वस्तू. मग करवत वाकडी जाते, कानशीचे चट्टे उठतात, ड्रिलचा बिट मोडतो, सांधा उघडा पडतो, आणि दोष हत्याराला लागतो. म्हणून या वेळचं सगळं सदर व्हाइस आणि क्लॅम्पना, म्हणजे जॉब घट्ट धरून ठेवणाऱ्या साधनांना दिलं आहे. मी उमेदवारी केली ती टूलरूममध्ये, फिटर म्हणून. लाकूडकाम नंतर आलं. त्यामुळे माझी मतं कुठे कुठे लोखंडाकडे झुकलेली वाटतील.

ताई, निवृत्तीनंतर घराच्या एका कोपऱ्यात छोटं वर्कशॉप थाटतो आहे. सध्या खुर्चीवर फळी ठेवून वर गुडघा दाबून कापतो. लाकूड आणि लोखंड दोन्ही करायचं आहे. पहिला व्हाइस कोणता घ्यावा? फिरत्या बेसचा घेऊ का?
– एक निवृत्त बँक कर्मचारी

काका, आधी ती खुर्ची सोडा. रॉन हिकमन नावाचे मोटारींचे डिझायनर होते. 'लोटस एलान' ही गाडी त्यांच्या हातची. घरी कपाट करताना ते खुर्चीचा बाकासारखा उपयोग करत होते आणि लाकडाबरोबर खुर्चीही कापली गेली. त्यातूनच त्यांनी घडीचं टेबल काढलं, ज्याचा पृष्ठभागच दोन जबड्यांचा लांबलचक व्हाइस आहे. 1970च्या दशकात ते 'वर्कमेट' नावाने बाजारात आलं. जागा खरोखरच नसेल तर तसलं घडीचं टेबल घ्या. मात्र ते वजनाला हलकं असतं. रंधा जोरात मारला की सरकतं, खालच्या पायरीवर एक पाय दाबून उभं राहावं लागतं.

कोपरा कायमचा मिळणार असेल तर माझं मत स्पष्ट आहे: 100 किंवा 125 मिलिमीटर जबड्याचा, साधा, न फिरणारा, वजनदार बेंच व्हाइस. 75 मिलिमीटरचा व्हाइस दिसायला आटोपशीर असतो, पण दाराची बिजागरी पकडली की संपला. 150 मिलिमीटरचा घरच्या टेबलाला जड जातो. फिरता बेस हवाहवासा वाटतो, पण तो म्हणजे व्हाइस आणि टेबल यांच्यामध्ये आलेला आणखी एक सांधा. कानस मारताना तो किंचित का होईना, पण हलतो. ज्यांना लांब पाइप किंवा सळ्या वेगवेगळ्या दिशांनी धराव्या लागतात त्यांना तो हवा. तुम्हाला नको.

दुकानात तीन गोष्टी पाहा. पहिली, जबड्यांवरच्या कडक केलेल्या पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या असाव्यात, म्हणजे झिजल्यावर बदलता येतात. दुसरी, जबडा साधारण अर्धा उघडून हाताने वर-खाली आणि आडवा हलवून पाहा. थोडी फट सगळ्यांत असते, पण खडखड नको. तिसरी, कागदाच्या तीन पट्ट्या घ्या, एक डावीकडे, एक मध्ये, एक उजवीकडे, आणि हलकेच आवळा. तिन्ही पट्ट्या ओढून पाहा. तिन्ही सारख्याच अडकल्या तर जबडे समांतर आहेत. एखादी सहज निघाली तर दुसरा नग मागा. दुकानदार कंटाळेल, पण हा व्हाइस तुम्ही आयुष्यभर वापरणार आहात.

धातू कुठला, हेही विचारा. बहुतेक व्हाइस बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असतात. साध्या करड्या बिडात ग्रॅफाइट पातळ पापुद्र्यांच्या रूपात असतं आणि प्रत्येक पापुद्र्याच्या टोकाशी चीर सुरू व्हायला जागा मिळते. डक्टाइल बिडात तेच ग्रॅफाइट बारीक गोळ्यांच्या रूपात असतं, म्हणून ते धक्का जास्त सोसतं. घडीव पोलादाचा व्हाइस सर्वांत चिवट, पण घरकामाला त्याची गरज नाही. डक्टाइल मिळाला तर उत्तम. साधा मिळाला तरी हरकत नाही, फक्त पुढच्या एका पत्राला दिलेलं उत्तर जरूर वाचा.

आणि लाकडाचं काय? लोखंडाच्या व्हाइसमध्ये लाकूड धरता येतं, पण त्याचे जबडे टेबलाच्या वर उभे असतात. लांब फळीवर रंधा मारताना फळीला खालून आधार राहत नाही. लाकडाचा व्हाइस टेबलाच्या कडेला, वरची बाजू टेबलाशी समपातळीत ठेवून बसवतात आणि जबड्यांना आतून लाकडी फळ्या लावतात. लाकूडकाम वाढलं की दुसरा व्हाइस तोच घ्या. तोवर बेंच व्हाइसच्या जबड्यांत दोन सपाट लाकडी ठोकळे घालून काम भागेल.

व्हाइस चांगला आहे, पण कानस मारताना टेबलच नाचतं. शिवाय अर्ध्या तासात खांदे भरून येतात.
– घरच्या घरी सायकली दुरुस्त करणारा एक वाचक

दोन्ही तक्रारींचं मूळ बसवण्यात आहे. व्हाइस टेबलाच्या मधोमध बसवला असावा असा माझा अंदाज. तो पायाच्या बरोबर वर हवा, म्हणजे जोर पायातून सरळ जमिनीत जातो. लाकडात पिळणाऱ्या स्क्रूंवर व्हाइस कधीच टिकत नाही. आरपार बोल्ट घाला, जितकी भोकं तितके बोल्ट, आणि खाली साध्या वॉशरऐवजी जाड लोखंडी पट्टी किंवा कडक लाकडाचा तुकडा द्या. नाही तर काही महिन्यांत वॉशर प्लायवुडमध्ये रुततात आणि बोल्ट ढिले होतात. टेबल हलकं असेल तर त्याला भिंतीत ब्रॅकेटने अडकवा किंवा खालच्या फळीवर वजन ठेवा. जुन्या गिअरच्या चकत्या असतील तर त्यांनाही जागा मिळेल.

बसवताना आणखी एक पाहा: स्थिर जबड्याचा चेहरा टेबलाच्या कडेच्या किंचित पुढे आला पाहिजे. मग लांब सळई उभी धरली की ती टेबलाला न अडता खाली जमिनीपर्यंत जाते. हे राहून गेलं की नंतर व्हाइस उखडून पुन्हा बसवावा लागतो.

खांद्यांचं कारण उंची. ताठ उभे राहा, हात कोपरात वाकवा. कोपर जबड्यांच्या वरच्या कडेला टेकलं पाहिजे. फिटरच्या प्रशिक्षणात हाच नियम पहिल्या आठवड्यात शिकवतात. व्हाइस याहून उंच असेल तर खांदे वर उचलून घासावं लागतं. ठोकाठोकीच जास्त करणार असाल तर थोडा खाली घ्या, बारीक नक्षीचं किंवा घड्याळाच्या भागांचं काम असेल तर वर. घरात दोघं काम करणारे असतील तर उंच माणसाच्या मापाने बसवा आणि दुसऱ्यासाठी पायाखाली लाकडी पाट ठेवा. उलटं करता येत नाही.

माझ्या बाबांचा जुना शेगडा (बेंच व्हाइस) आहे. भाऊ म्हणतो, घट्ट होत नसेल तर हँडलमध्ये पाइप घाल. मोठ्या कामाला मी हँडलवर हातोडी मारते. यात धोका आहे का?
– एक शिल्पकार वाचक

हो, आहे. तोही दोन्ही सवयींत. हा हिशेब प्रत्येकाने एकदा करून पाहावा असा आहे.

मध्यापासून हँडलच्या टोकापर्यंत 20 सेंटिमीटर अंतर धरा. एक पूर्ण फेरा म्हणजे तुमचा हात सुमारे 1257 मिलिमीटर फिरतो. तेवढ्यात जबडा पुढे सरकतो फक्त एका आट्याइतका, समजा 5 मिलिमीटर. म्हणजे जोर सुमारे 250 पट व्हायला हवा. प्रत्यक्षात आट्यांमधलं घर्षण त्यातला तीन चतुर्थांश भाग खाऊन टाकतं. तेच घर्षण, ज्यामुळे हात सोडला तरी व्हाइस आपोआप उघडत नाही. तरी उरतात साठेक पट. तुम्ही 15 किलोचा जोर लावला की जबड्यांमध्ये 900 किलोच्या आसपास दाब येतो. साध्या हाताने! आता 60 सेंटिमीटरचा पाइप घाला, तोच आकडा पावणेतीन टनांच्या घरात जाईल. हँडलची लांबी बनवणाऱ्याने या हिशेबानेच ठरवलेली असते.

बिडाची अडचण अशी, की ते दाबाखाली जितकं सोसतं त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढंच ताणाखाली सोसतं. जबडे आवळले की जबड्यांच्या मुळाशी, जॉबकडच्या आतल्या बाजूला ताण बसतो. तिथेच तो तुटतो, आणि आधी वाकून सूचना देत नाही. हातोडीचा घाव तर क्षणभरात याहून कितीतरी मोठा जोर आणतो. हँडल वाकलेलं दिसलं की समजावं, कोणीतरी पाइप किंवा हातोडी वापरली आहे.

घट्ट होत नसेल तर कारण शोधा. बहुतेक वेळा आट्यांत कीस अडकलेला असतो, किंवा जॉब जबड्याच्या एका टोकाला धरलेला असतो. एका बाजूला धरलं की हलता जबडा तिरका होतो आणि कितीही पिळलं तरी पकड येत नाही. दुसऱ्या टोकाला तेवढ्याच जाडीचा तुकडा घाला, फरक लगेच कळेल.

व्हाइसमध्ये धरून ठोकायचंच असेल तर घाव स्थिर जबड्याच्या दिशेने पडू द्या. वस्तुमान तिकडे आहे. उलट्या दिशेने मारलं की सगळा धक्का स्क्रू आणि नट यांच्या आट्यांवर जातो. जड ठोकाठोकी रोजची असेल तर लोहारकामाचा, खाली जमिनीपर्यंत पाय गेलेला व्हाइस असतो, तो वापरा. बाबांच्या शेगड्याला त्यातून सोडवा.

आता तो जुना आहे म्हणता, तर तपासून घ्या. नीट पुसा, रॉकेल लावा, काही मिनिटांनी कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून वर खडूची पूड भुरभुरा. चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल झिरपून पांढऱ्या पुडीवर काळपट रेघ उमटते. स्थिर जबड्याच्या मुळाशी आणि जिथे सरकता भाग आत जातो त्या कोपऱ्यांत विशेष पाहा. चीर निघाली तर त्या व्हाइसवर हलकंच काम करा. बिडाचं वेल्डिंग आधी सावकाश तापवून, निकेलच्या रॉडने करतात. ते जाणकाराचं काम आहे आणि केल्यानंतरही मी त्यावर पूर्ण जोर लावणार नाही. चीर नसेल तर स्क्रू बाहेर काढा, तारेच्या ब्रशने आटे साफ करा, नटमध्ये ग्रीस भरा, स्क्रूला तेलाचा हात द्या. जुनं बीड अतिशय छान असतं. अजून बरंच काम देईल.

पितळेच्या आणि अॅल्युमिनियमच्या वस्तूंवर जबड्यांचे वळ उठतात.
– दागिन्यांचे छंदी कारागीर

अॅल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या पत्र्याच्या दोन पट्ट्या काटकोनात वाकवून जबड्यांवर टोपीसारख्या बसवा. पितळेला तांबं, अॅल्युमिनियमला लाकूड किंवा चामडं. अॅल्युमिनियमच्या टोप्यांत लोखंडाचा कीस रुतून बसतो आणि मग तीच टोपी ओरखडे काढते, म्हणून लोखंडाच्या कामासाठी वेगळी जोडी ठेवा आणि मऊ धातूसाठी वेगळी. टोप्या पुन्हा पुन्हा पडत असतील तर मागे छोटी लोहचुंबकं चिकटवा.

गोल सळई फिरते, आणि आट्यांचा बोल्ट धरला की आटे चेपतात. पाइप तर चपटाच झाला.
– एक विद्यार्थी

गोल वस्तूला सपाट जबडे दोनच रेषांवर टेकतात, म्हणून ती फिरते. कडक लाकडाचा ठोकळा घे, त्यात सळईच्या मापाचं भोक पाड आणि भोकाच्या मधून ठोकळा करवतीने उभा चीर. करवत जेवढं लाकूड खाते तेवढी फट उरते, आणि आवळल्यावर दोन्ही अर्धी सळईला सगळीकडून लपेटून धरतात. नेहमीची मापं असतील तर असे ठोकळे करून त्यावर माप लिहून ठेव. पाइपसाठीही हीच युक्ती. नाही तर पाइपचा व्हाइस वेगळा मिळतो, त्याचे जबडे इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे आणि दातेरी असतात.

बोल्टसाठी एक नट घेऊन त्याच्या एका बाजूला हॅक्सॉने (लोखंड कापायच्या करवतीने) फट पाड. नट बोल्टवर चढव, नट व्हाइसमध्ये धर. आवळलं की फट मिटते आणि नट बोल्टला घट्ट पकडतो. आट्यांना काही होत नाही. मला उमेदवारीत सर्वांत आवडलेली युक्ती हीच.

टेबलाच्या वरच्या फळ्या चिकटवते, पण प्रत्येक वेळी पाट कमानीसारखा वाकतो. क्लॅम्प किती लावावेत? कोणी म्हणतं जास्त आवळलं तर सगळा गोंद बाहेर येतो आणि सांधा कमजोर होतो.
– नव्याने सुतारकाम शिकणारी एक वाचक

वाकण्याचं कारण असं. सॅश क्लॅम्प आणि एफ-क्लॅम्प म्हणजे लांब लोखंडी पट्टीवर जबडे बसवलेले क्लॅम्प. त्यांची पट्टी फळ्यांच्या खाली असते आणि स्क्रू फळीच्या जाडीच्या मध्यावर टेकेलच असं नाही. तो थोडा वर टेकला की फळ्यांच्या वरच्या कडा जास्त दाबल्या जातात, खालच्या उघडतात. त्यात क्लॅम्पची पट्टीही जोराने वाकते. उपाय सोपा आहे: एक क्लॅम्प खालून, पुढचा वरून, असे आलटून पालटून लावा. बाहेरच्या कडेला आणि क्लॅम्पच्या पॅडला मध्ये बारीक गोल काठी आडवी ठेवा, बरोबर जाडीच्या मध्यावर. मग स्क्रू कुठेही टेकला तरी जोर मध्यातूनच जातो. कडा काटकोनात रंधलेल्या आहेत का, हे मात्र गोंद लावण्याआधी गुण्याने (काटकोन तपासायच्या साधनाने) पाहायचं. एक अंश वाकडी कड क्लॅम्प सरळ करून देत नाही.

आता संख्या. यासाठी दोन हिशेब आहेत. पहिला पसरण्याचा: क्लॅम्पचा जोर लाकडात साधारण 45 अंशांनी दोन्हीकडे पसरतो. कडेची फळी 10 सेंटिमीटर रुंद असेल तर पहिल्या सांध्यापर्यंत पोचताना तो दोन्ही बाजूंना दहा-दहा सेंटिमीटर पसरतो, म्हणून क्लॅम्प 20 सेंटिमीटरवर लावा. कडेला 5 सेंटिमीटरची जाड लाकडी पट्टी मध्ये घातली तर 30 सेंटिमीटरवर लावले तरी चालतात. अरुंद फळीला जास्त क्लॅम्प लागतात आणि रुंद फळीला कमी, हे पुष्कळांना उलटं वाटतं.

दुसरा हिशेब दाबाचा. नेहमीच्या पांढऱ्या गोंदाला मऊ लाकडात दर चौरस सेंटिमीटरला 7 ते 10 किलो आणि कडक लाकडात 12 ते 17 किलो दाब सुचवतात. तुमची फळी 90 सेंटिमीटर लांब आणि 2 सेंटिमीटर जाड असेल तर सांध्याचं क्षेत्र 180 चौरस सेंटिमीटर. कडक लाकडाला किमान दोन टन झाले! मध्यम एफ-क्लॅम्प हाताने पिळून काहीशे किलो देतो. म्हणजे पाच-सहा लागतील. दोन हिशेबांपैकी जो जास्त क्लॅम्प मागेल तो धरा. कडा अगदी चोख जुळत असतील तर याहून कमी दाबातही सांधा उत्तम बसतो. जुने कारागीर गरम सरस लावून दोन चोख कडा एकमेकींवर घासत आणि क्लॅम्पशिवायच चिकटवत. तेवढा रंधा हाताशी येईपर्यंत हिशेब पाळा.

यावरून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही मिळतं. हाताने आवळायच्या क्लॅम्पने चोख सांध्यातला सगळा गोंद पिळून काढणं फार अवघड आहे. कमजोर सांधे बहुतेक वेळा कमी गोंदामुळे, कमी दाबामुळे किंवा गोंद आधीच सुकायला लागल्यामुळे होतात. सांध्याच्या संपूर्ण लांबीवर बारीक थेंबांची सलग रांग दिसली, की थांबा. एपॉक्सीचं, म्हणजे दोन भाग मिसळून लावायच्या गोंदाचं, उलट आहे. त्याला जाडी हवी असते, तिथे फक्त वस्तू हलणार नाही इतकंच आवळायचं.

गोंदाने फळ्या निसरड्या होतात आणि आवळताना वर-खाली सरकतात. दोन्ही टोकांना, वर आणि खाली अशा आडव्या जाड पट्ट्या ठेवून त्या सी-क्लॅम्पने (इंग्रजी सी अक्षराच्या आकाराच्या छोट्या क्लॅम्पने) हलक्या दाबा, मग मुख्य क्लॅम्प थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. या पट्ट्यांच्या आतल्या बाजूला प्लास्टिकची टेप लावा, नाही तर त्याही चिकटतील. आणि हे सगळं एकदा गोंदाशिवाय करून पाहा. क्लॅम्प हव्या त्या मापाला उघडलेले आणि हाताशी मांडलेले असले पाहिजेत. गोंद लावल्यावर क्लॅम्प शोधायला जाणारा माणूस सांधा घालवतो.

लोखंडी पट्टी ओल्या गोंदाला टेकली तर टॅनिन असलेल्या लाकडावर, ओकसारख्या, काळा डाग पडतो आणि तो खोलवर जातो. मध्ये मेणाचा कागद घाला. तासाभराने क्लॅम्प काढता येतील, पण पूर्ण ताकद यायला 24 तास द्या. रंधा किंवा सँडपेपर तर त्यानंतरच मारा. गोंदातल्या पाण्याने सांध्याजवळचं लाकूड फुगलेलं असतं. ते फुगलेलं असताना सपाट केलं, तर वाळल्यावर तिथे उथळ चर दिसू लागतो.

एफ-क्लॅम्प आवळताना सरकता हात पट्टीवरून घसरतो. बदलून आणू का?
– एक वाचक

आधी पट्टी पाहा. तो हात तिरका होऊन पट्टीवर अडकतो, तेवढाच त्याचा आधार असतो. पट्टीवर तेल किंवा वाळलेला गोंद असेल तर तो अडकणार नाही. गोंद खरवडा, थिनरने तेल पुसा, पट्टीच्या अरुंद कडांवर कानशीने आडवे हलके घाव द्या आणि खडू घासा. व्हाइसच्या स्क्रूला तेल लागतं म्हणून क्लॅम्पच्या पट्टीलाही तेल देतात, तिथे गडबड होते. तेल फक्त आट्यांना. लाकूडकामात तर आट्यांनाही मेणच बरं, तेलाचा थेंब फळीवर पडला की पॉलिश तिथे धरत नाही.

पत्र्याच्या तुकड्याला ड्रिलने भोक पाडताना तुकडा हातातून सुटून गरगर फिरला. बोटाला टाके पडले. व्हाइस एवढा मोठा नाही, तर पत्रा कसा धरू?
– एक वाचक

बोट वाचलं हे वाचून जीव भांड्यात पडला. हे पत्र मी मुद्दाम छापायला सांगितलं.

ड्रिल पत्र्यातून खाली निघतं तो क्षण धोक्याचा. तोवर बिट एकसारखा कापत असतो. आरपार जाताना भोकाच्या कडेला उरलेली पातळ कोर बिटच्या धारेत अडकते, पत्रा आट्यावर चढावा तसा बिटवर वर चढतो आणि यंत्राच्या पूर्ण ताकदीने फिरतो. त्याला हाताने थांबवता येत नाही. किती बळकट हात आहे याचा प्रश्नच नाही.

पत्रा दोन लाकडी फळ्यांच्या मध्ये ठेवा, तिन्ही मिळून यंत्राच्या टेबलाला दोन क्लॅम्पनी आवळा आणि वरच्या फळीतूनच भोक पाडा. पत्रा वाकत नाही, खालची कडही स्वच्छ निघते. क्लॅम्प दोनच हवेत, एकावर भागवू नका. एका क्लॅम्पभोवती जॉब फिरू शकतो. लांब पट्टी असेल तर तिचं टोक यंत्राच्या खांबाच्या डाव्या बाजूला टेकवा. समोर उभं राहून वरून पाहिलं तर बिट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो. पट्टी सुटलीच तर डावं टोक तुमच्यापासून दूर जायला पाहतं आणि खांबाला अडतं. ड्रिल मशीनचा छोटा व्हाइस वापरत असाल तर तोही टेबलाला बोल्टने बांधलेला हवा. नुसता ठेवलेला व्हाइस जॉबसकट फिरतो, आणि तो पत्र्याहून जड असतो.

अगदी लहान तुकडे लॉकिंग प्लायरमध्ये धरा. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या डी विट गावचे लोहार विल्यम पीटरसन यांनी याच अडचणीवर ते हत्यार घडवलं. काम धरण्यात एक हात अडकू नये म्हणून त्यांनी आवळल्यावर स्वतःहून कुलूप लागणारी पक्कड बनवली आणि 1924 मध्ये तिचं पेटंट मिळवलं. पण प्लायरही टेबलाला टेकवून, खांबाला अडवूनच. हातमोजे घालू नका. फिरणाऱ्या बिटमध्ये मोजा अडकला तर तो हातालाही आत ओढतो.

खुर्चीचे पाय निखळले आहेत. चारही बाजूंनी तिरके, कुठलाच क्लॅम्प बसत नाही, आणि इतके क्लॅम्प माझ्याकडे नाहीतही.
– एक वाचक

नकोतच. एक मजबूत, न ताणणारी दोरी आणि वीतभर काठी पुरे. चारही पायांभोवती दोरीचा दुहेरी फास घाला, मध्ये काठी अडकवून पीळ द्या. काठी एखाद्या आडव्या दांडीला अडकवून ठेवली की पीळ सुटत नाही. दोरी सगळ्या पायांना एकसारखी आत खेचते; तिरकेपणाचा प्रश्नच उरत नाही. जिथे दोरी कोपऱ्यावर टेकते तिथे पुठ्ठ्याची घडी घाला. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्याही उत्तम, विशेषतः गोल आणि वाकड्या भागांवर, कारण प्रत्येक वेढ्याबरोबर दाब वाढत जातो.

पाचरी विसरू नका. एका जाड फळीवर दोन ठोकळे स्क्रूने बसवा, मध्ये जॉब ठेवा, उरलेल्या फटीत दोन पाचरी एकमेकींच्या उलट तोंडाने सारा आणि दोन्हीकडून आळीपाळीने हलके ठोका. फ्रेम, छोटी फळी, पेटीची बाजू, सगळं यात बसतं.

पीळ दिल्यानंतर, गोंद ओला असतानाच, खुर्ची सपाट जमिनीवर उभी करा आणि समोरासमोरच्या पायांमधली दोन्ही कर्णं मोजा. एक कर्ण लांब भरला तर त्या दोन पायांवर थोडा जास्त दाब द्या, सारखी झाली की सोडा. चारही पाय टेकतात ना, हेही याच वेळी पाहा, कारण उद्या सकाळी पाहिलंत तर पाय कापावा लागेल.